ग्रंथालयातील गोष्टींचा तास



महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ मुळे राज्यातील ग्रंथालय चळवळीला कायद्याचा आधार लाभला. सार्वजनिक ग्रंथालय सर्वांसाठी असते, असे तेव्हापासून वारंवार सांगितले जाते. परंतु गावातील चार-पाच वर्षांच्या मुलाचे तेथे स्थान कोणते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याला अक्षरओळख नसते, म्हणून त्याचे नाव सभासदांत नसते. रंगीत पुस्तके खराब होतील या भीतीने अनेक ठिकाणी ती कपाटात कुलूपबंद राहतात. पुढे मूल वाचू लागते, पण तोवर ग्रंथालय म्हणजे मोठ्या माणसांनी वर्तमानपत्रे चाळण्याची जागा, अशी त्याची समजूत झालेली असते. ही समजूत रुजण्यापूर्वी मुलाला ग्रंथालयात आणण्याचा अल्प खर्चाचा मार्ग म्हणजे आठवड्यातून एकदा भरणारा गोष्टींचा तास होय. त्याचा प्रारंभ प्राण्यांच्या गोष्टींनी करणे सर्वांत सोयीचे ठरते.

अक्षरांच्या कितीतरी आधी मूल शेळी, कावळा, मांजर आणि बैल यांना ओळखू लागते. पंचतंत्रातील विष्णुशर्म्याने राजाच्या तीन मंद पुत्रांना शहाणे केले ते पशुपक्ष्यांच्या कथांतूनच. मराठी मुद्रित बालवाङ्मयाची आरंभीची पावलेही याच वाटेने पडली. सरफोजीराजांच्या आश्रयाने तंजावर येथे १८०६ साली छापलेली ‘बालबोधमुक्तावली’ म्हणजे इसापच्या प्राणिकथांचा मराठी अनुवाद होय.

या तासाला मोठी सामग्री लागत नाही. एक सतरंजी, मोठ्या चित्रांची चार-पाच पुस्तके आणि ठरलेल्या दिवशी न चुकता येणारी एक व्यक्ती एवढे पुरेसे आहे. मुले अर्धवर्तुळात बसावीत आणि पुस्तकाची चित्रे सर्वांना दिसावीत. ससा सिंहाला विहिरीपाशी घेऊन जातो, तेथे पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबावे. विहिरीत सिंहाला काय दिसले असेल, हे मुलांनाच सांगू द्यावे. गोष्टीनंतर तात्पर्य पाठ करून घेण्याची घाई नको. मुलांनी सशासारख्या उड्या माराव्यात, सिंहाचे चित्र काढावे. पुस्तक त्यांच्या हातात द्यावे आणि शक्य असेल तेथे पालकांच्या नावावर घरीही न्यू द्यावे. एखादे पान फाटेल. ते चिकटवता येते. कधीच न उघडलेले पुस्तक मात्र कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. गोष्टीतील प्राणी बोलतो, कपट करतो, न्यायही देतो. प्रत्यक्षातील प्राणी तसा नसतो. साप म्हणजे दुष्ट आणि घुबड म्हणजे अशुभ, ही समजूत गोष्टींतून दृढ होऊ नये. म्हणून गोष्ट संपल्यावर दोन मिनिटे त्या प्राण्याविषयीच्या खऱ्या माहितीस द्यावीत. साप दूध पिऊन जगत नाही. धामण बिनविषारी असून उंदीर खाते. गव्हाणी घुबडाचेही मुख्य भक्ष्य उंदीरच. त्याचबरोबर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे साप विषारी आहेत. कोणताही साप दिसताच दूर व्हावे व मोठ्यांना हाक मारावी, हेही सांगावे. शेतावर वाढणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही माहिती जिवाची राखण करणारी आहे.

दुसरा प्रश्न भाषेचा. ज्या गावात घरोघरी वारली, गोंडी किंवा अहिराणी बोलली जाते, तेथे केवळ पुस्तकी मराठीत सांगितलेली गोष्ट मुलापर्यंत अर्धवटच पोहोचते. अशा ठिकाणी गावातील एखाद्या आजीला बोलवावे. तिने आपल्या बोलीत गोष्ट सांगावी आणि ग्रंथपालाने त्याच प्राण्याचे चित्र पुस्तकात दाखवावे. आजीची गोष्ट आणि छापील पान यांचा संबंध मुलाच्या मनात तेथेच जुळतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे कार्य या बाबतीत मार्गदर्शक आहे. १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे त्यांनी आदिवासी बालकांच्या शिक्षणाचे कार्य केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडी पाड्यावरील अंगणात नेली. गुरे चारणाऱ्या मुलांना शाळेत येता येत नव्हते, तेव्हा कुरणशाळेच्या रूपाने शाळाच कुरणावर गेली. हाच न्याय ग्रंथालयासही लागू पडतो. ग्रंथालयाची इमारत दूर असेल, तर पुस्तकांची पेटी अंगणवाडीत, देवळाच्या ओवरीत किंवा चावडीवर नेता येईल.

पंचायतीने जागा आणि वार निश्चित करावा, शिक्षकांनी पुस्तकांची निवड करावी आणि ग्रंथपालाने कपाटाची किल्ली हाताशी ठेवावी. अंगणवाडी सेविकेचे साहाय्य मिळाल्यास तीन ते सहा वर्षांची मुले सहज एकत्र येतील. उपक्रमाचे यश उद्घाटनाच्या दिवशी जमलेल्या गर्दीवरून ठरवू नये. पावसाळा संपल्यावरही तोच वार, तीच वेळ आणि तीच सतरंजी कायम आहे काय, हे पाहावे. मुले त्या वारी न बोलावता दाराशी येऊन उभी राहू लागली, की ग्रंथालय खऱ्या अर्थाने गावाचे झाले असे म्हणता येईल.