घरफाळ्याची पावती आणि स्मार्ट सिटीचा हिशेब

(घरफाळा भरण्याच्या हंगामात बेळगावातल्या एका गल्लीच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी भाषा बोलल्याप्रमाणेच ठेवली आहे.)



मला विषय दिलाय 'स्मार्ट सिटीने बेळगावला काय दिलं'. रस्ता चांगला झाला की वाईट यावर मी बोलणार नाही. मंडोळी रोड तुम्ही रोज बघता, सीबीटी बसस्थानक बघता, व्हॅक्सिन डेपोत काय झालं तेही बघितलंय. त्यावर तुमची मतं तयार आहेत आणि ती माझ्यापेक्षा तिखट आहेत. मी फक्त पैशाबद्दल बोलणार आहे. पैसा कुणाचा होता, खर्च कुणी केला आणि पुढचं बिल कुणाकडे येणार. याच तीन गोष्टींबद्दल आपल्या बैठकांमध्ये सगळ्यात कमी बोललं जातं.

आपण फलकाच्या भाषेवर बोलतो, १ नोव्हेंबरच्या फेरीवर बोलतो, सुप्रीम कोर्टातल्या २००४ च्या दाव्याच्या तारखेवर बोलतो. बोललंच पाहिजे. पण घरफाळ्याचं चलन आलं की गप्प बसतो आणि रांगेत उभे राहतो. कारण एप्रिलमध्ये भरला तर पाच टक्के सूट आहे, मे-जूनमध्ये सूटही नाही, दंडही नाही, आणि जून संपला की महिन्याला दोन टक्के दंड. तिथे आपल्यापैकी कुणी 'आधी सीमाप्रश्न सोडवा, मग फाळा भरतो' असं म्हणत नाही.

आधी ते चलनच बघू. समजा तुमचा फाळा ४,००० रुपये आहे. त्यावर कर्नाटकात उपकर लागतात : आरोग्य उपकर १५ टक्के, ग्रंथालय उपकर ६ टक्के आणि भिक्षुक उपकर ३ टक्के. एकूण २४ टक्के. म्हणजे ९६० रुपये वरचे. त्यात ग्रंथालयाचे २४० रुपये आहेत. हे २४० रुपये मराठी घरातूनही जातात आणि कन्नड, उर्दू घरांतूनही जातात. आता त्या पैशातून शहरातल्या सरकारी ग्रंथालयांत वर्षाला मराठी पुस्तकं किती येतात, मराठी वर्तमानपत्रं किती लागतात, हे कुणी कधी लेखी विचारलंय? आपलं सार्वजनिक वाचनालय सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालवायचं, आणि ग्रंथालय उपकर मात्र न विचारता भरत राहायचं, असा हा व्यवहार आहे.

हे झालं आपण थेट भरतो त्याबद्दल. आता स्मार्ट सिटीकडे येऊ.

२०१५ मध्ये केंद्राने स्मार्ट सिटी मिशन आणलं. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस शहरांची यादी आली, त्यात पुणे होतं, सोलापूर होतं, इंदूर होतं आणि बेळगाव होतं. मिशनच्या रचनेप्रमाणे एका शहराला केंद्राकडून पाच वर्षांत साधारण ५०० कोटी, आणि तेवढीच भर राज्याने व महापालिकेने मिळून घालायची. म्हणजे हजार कोटींचा व्यवहार. त्या दिवसांत शहरात फलक लागले होते, आठवत असतील. अमक्यांनी आणलं, तमक्यांच्या प्रयत्नाने आलं. फलक लावणाऱ्याने स्वतःच्या खिशातून दिल्यासारखे.

पैसा आला कुठून? केंद्राचा पैसा आयकरातून, जीएसटीतून. साबणाची वडी घेताना तुम्ही दिलाय. राज्याचा पैसा अबकारीतून, मुद्रांक शुल्कातून, गाडीच्या करातून. घराची खरेदी केली तेव्हा उपनिबंधक कार्यालयात दिलाय. महापालिकेचा पैसा फाळ्यातून. कुठूनही आला तरी तो आपल्याच घरातून निघून दिल्ली-बेंगळुरूला फिरून परत आलाय.

पण परत आला तो महापालिकेकडे आला नाही. मला खरं बोलायचंय ते इथे.

मिशनची अट होती की प्रत्येक शहराने एक वेगळी कंपनी काढायची. कंपनी कायद्याखाली नोंदलेली, निम्मे भाग राज्य सरकारचे आणि निम्मे महापालिकेचे. आपल्याकडे ती बेळगावी स्मार्ट सिटी लिमिटेड. मार्गदर्शक सूचनांमध्ये असंही होतं की या प्रकल्पापुरते महापालिकेच्या सभागृहाचे अधिकार कंपनीकडे सोपवावेत. मंडळावर नगरसेवकाला जागा मिळाली तरी ती चार-दोन. रोजचा कारभार सरकारने नेमलेल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या सहीने चालतो. निविदा तो काढणार, ठेकेदार तो ठरवणार. आपल्या वॉर्डातला नगरसेवक रस्त्यावर खड्डा बघून 'हे काम माझं नाही, स्मार्ट सिटीचं आहे' म्हणायचा तेव्हा तो खोटं बोलत नव्हता. खरोखरच त्याला विचारलेलं नसायचं.

या अटीला कुणी विरोध केला नाही असं समजू नका. डिसेंबर २०१५ मध्ये नवी मुंबईच्या महासभेने याच कंपनीच्या मुद्द्यावर प्रस्ताव फेटाळला. सभागृहाचे अधिकार कंपनीला देणार नाही, म्हणाले. पैसा नको म्हणणं सोपं नव्हतं, तरी म्हणाले. आपल्या महापालिकेत त्या वेळी मराठी गटाचं बहुमत होतं. सभागृहाच्या ठरावाशिवाय प्रस्ताव पुढे जाणार नव्हता. आपल्या लोकांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. शहराला हजार कोटी येताहेत म्हटल्यावर 'नको' कोण म्हणेल? त्यात मराठी गटाने नको म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी 'विकासविरोधी' म्हणून मथळे आले असते. पण ज्या सभागृहात आपण बहुमताने बसत होतो, त्याच्या हातातून मोठा निर्णय निसटला तो त्या दिवशी, हे लक्षात ठेवायला हवं. २०२१ ची निवडणूक त्यानंतरची गोष्ट.

आणि त्या निवडणुकीपर्यंत काय झालं? मार्च २०१९ मध्ये सभागृहाची मुदत संपली. घटनेचं कलम २४३ यू म्हणतं की मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला पाहिजे. मतदान झालं ३ सप्टेंबर २०२१ ला. ५८ पैकी ३५ जागा भाजपला मिळाल्या, आपला गट बोटांवर मोजण्याइतका उरला. पण निवडून आलेल्यांनाही लगेच बसायला मिळालं नाही. महापौर निवडला गेला फेब्रुवारी २०२३ मध्ये. म्हणजे जवळपास चार वर्षं या शहराला महापौर नव्हता. आणि याच चार वर्षांत स्मार्ट सिटीचे रस्ते उकरले जात होते, गटारं बांधली जात होती, बिलं निघत होती. खर्चाचा मोठा काळ आणि सभागृह नसण्याचा काळ एकच. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण प्रश्न विचारायला माणूसच नव्हता, हे तर तारखाच सांगतात.

आता बिलाकडे येतो. शहापूरला महात्मा फुले रोडपासून जुन्या पीबी रोडपर्यंत रस्ता झाला, तुम्हाला माहीत आहे. स्मार्ट सिटीच्या काळात झाला. जागा मात्र रीतसर संपादित केलेली नव्हती. जागामालक धारवाड खंडपीठात गेले. २०२४ मध्ये भरपाईचा आकडा २० कोटींच्या घरात आला आणि तो येऊन पडला महापालिकेच्या दारात. शेवटी सभागृहाला जागा परत देण्याचा ठराव करावा लागला. बघा हं, रस्त्याचा आराखडा ज्यांनी केला ते अधिकारी बदलून गेले. जे नगरसेवक रस्ता होताना निवडूनही आलेले नव्हते, ते भरपाईवर रात्री उशिरापर्यंत चर्चा करत बसले. मराठी असोत की कन्नड, त्या दिवशी त्या सगळ्यांची मला दया आली.

ही एक गोष्ट गाजली म्हणून कळली. न गाजणारी बिलं पुढे येणार आहेत. मुदतवाढी घेत घेत मिशन ३१ मार्च २०२५ ला संपलं. दिल्लीचा नळ बंद झाला. पण दिवे, कॅमेरे, कमांड सेंटर, बागा, फुटपाथच्या फरशा या सगळ्याला दरवर्षी पैसा लागतो. कॅमेरा पाच-सात वर्षांत जुना होतो. बागेला माळी लागतो, पाणी लागतं. आज नाही तर उद्या हा खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकात येऊन बसणार. आणि महापालिकेला स्वतःचा मोठा पैसा म्हणजे घरफाळा. जकात होती ती कर्नाटकाने १९७९ मध्येच बंद केली. जुन्या माणसांना नाके आठवत असतील. मग उरतो तो फाळा. त्यात १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी अट घातली होती की राज्याने फाळ्याचे किमान दर ठरवावेत आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या बरोबरीने वाढवावी, तरच शहरांना अनुदान. म्हणजे फाळा वाढवा म्हणून वरून दट्ट्या आणि देखभाल करा म्हणून खालून ओझं. मधे आपण.

त्याच आयोगाची दुसरी एक अट होती, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. महापालिकेचे लेखापरीक्षण झालेले हिशेब संकेतस्थळावर लोकांसाठी ठेवायचे. स्मार्ट सिटी ही सरकारी कंपनी, म्हणून तिच्या हिशेबावर देशाच्या महालेखापरीक्षकांची नजर असते आणि माहिती अधिकार तिला लागू होतो. कंपनी म्हटल्यावर काही विचारता येत नाही, असं जे आपल्याला सांगितलं जातं ते साफ चूक आहे.

आता समितीतले काही ज्येष्ठ म्हणतील, म्हणतातच, की कर्नाटकाच्या कंपनीकडे हिशेब मागायचा म्हणजे कर्नाटकाचा अंमल मान्य करायचा. मी त्यांचा आदर करतो. त्यांच्यातल्या काहींनी लाठ्या खाल्ल्या आहेत, तुरुंग बघितलाय. पण काका, पावती घेताना तुम्ही ती कर्नाटकाच्याच शिक्क्याची घेतलीत. पैसे दिले ते त्यांना, आणि हिशेब मागायचा नाही तोही त्यांनाच, यात फायदा कुणाचा? दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर जे गटार बांधलं जातं ते तुमच्याच दारातून जातं.

भाषेचा हक्कही इथेच येतो. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, हे संरक्षण १९५६ पासूनच्या केंद्राच्या धोरणात आहे. आपण ते फलकासाठी मागतो. मी म्हणतो ते आधी चलनासाठी मागा, फाळ्याच्या दरवाढीच्या नोटिशीसाठी मागा, अंदाजपत्रकाच्या सारांशासाठी मागा. वडगावातल्या विणकर म्हातारीला बसस्थानकावरची पाटी वाचता आली नाही तर ती कुणाला तरी विचारून बस पकडते. पण दरवाढीवर हरकत घ्यायची मुदत तिला कळली नाही, तर ती मुदत निघून जाते.

आणि हे फक्त बेळगावचं नाही. हे पान वाचणारे पणजीचे, वडोदऱ्याचे, ग्वाल्हेरचे, इंदूरचे लोक आहेत. त्या सगळ्या शहरांत अशीच कंपनी निघाली. तिथल्या मराठी मंडळांनीही आपापल्या पावत्या काढून बघायला हरकत नाही.

करायचं काय ते सांगतो आणि थांबतो. या महिन्यात आपण स्मार्ट सिटी कंपनीकडे माहिती अधिकाराचे अर्ज टाकतोय. कोणकोणत्या मालमत्ता महापालिकेकडे सोपवल्या, त्यांची यादी. त्या प्रत्येकीच्या देखभालीचा करार कुणाशी आहे आणि कधी संपतो. कंपनीच्या खात्यात आज किती शिल्लक आहे. हे सगळं एका अर्जात लिहू नका. कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, जास्त झालं की परत येतो. म्हणून तीन माणसांनी तीन अर्ज. प्रत्येकी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. उत्तराला तीस दिवस.

भाषेचं काय, हे कुणीतरी विचारणारच. केंद्राचा कायदा म्हणतो : इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. मराठीतला अर्ज घ्यायला ते बांधील नाहीत आणि त्यावर भांडत बसलो तर तीस दिवस तिथेच जातील. म्हणून हे अर्ज हिंदीत जातील, आणि मराठीतून उत्तर का नाही यावर वेगळं पत्र भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना जाईल. मसुदे टेबलावर आहेत. ग्रंथालय उपकराचा चौथा मसुदाही आहे, तो महापालिकेसाठी. त्याला एक सही कमी आहे. ज्यांची फाळ्याची पावती स्वतःच्या नावावर आहे अशा कुणीतरी पुढे या. बहिणी आल्या तर जास्त बरं, आजवरच्या अर्जांवर सगळी नावं पुरुषांचीच आहेत.