बदके चांगली काढणारा चित्रकार : कार्ल बार्क्स



पदवीपत्रावर स्नातकाचे नाव सर्वांत ठळक अक्षरांत लिहिण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे, कारण अनेक वर्षांचे कष्ट कोणाचे होते याची नोंद त्या नावामुळेच राहते. मात्र या प्रांगणातून बाहेर पडल्यावर हातून जे काम होते त्याच्या फार मोठ्या भागावर करणाऱ्याचे नाव कधीच लागत नाही. पुलाच्या आराखड्यामागची आकडेमोड, रुग्णालयातली रात्रपाळी, पाठ्यपुस्तकाचे मुद्रितशोधन ही सारी कामे निनावीच राहतात. अशा निनावी कामाची प्रत किती उंच जाऊ शकते आणि नाव छापलेले नसतानाही ते काम ओळखणारे लोक कसे निर्माण होतात, याचा विसाव्या शतकातला एक विलक्षण दाखला म्हणजे अमेरिकन चित्रकथाकार कार्ल बार्क्स होत, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय त्यांचेच जीवन व कार्य हा आहे.

बार्क्स यांचा जन्म २७ मार्च १९०१ रोजी ऑरेगन राज्यात, कॅलिफोर्नियाच्या सीमेजवळ असलेल्या मेरिल या गावाच्या परिसरातील एका शेतावर झाला. आठवीनंतर त्यांचे शिक्षण थांबले, १९१६ साली आई वारली आणि त्याच सुमारास सुरू झालेला कानाचा त्रास वाढत जाऊन पुढे त्यांना श्रवणयंत्रावर अवलंबून राहावे लागले. शेती, लाकूडतोड, रेल्वेच्या कारखान्यात रिव्हेट ठोकणे अशी अंगमेहनतीची कामे करता करता त्यांनी विनोदी नियतकालिकांना चित्रे विकायला सुरुवात केली आणि १९३५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत सर्वांत खालच्या पायरीवर रुजू झाले. चलच्चित्रात ज्येष्ठ चित्रकार हालचालीच्या मुख्य मुद्रा काढतो आणि दोन मुद्रांमधली बारीक बारीक चित्रे भरून काढण्याचे काम कनिष्ठाकडे येते. बार्क्स यांच्याकडे आले ते हे भरणीचे काम. पुढे त्यांनी सुचवलेला एक विनोदी प्रसंग, ज्यात आपोआप केस कापणारी न्हाव्याची खुर्ची डोनाल्ड डकला उलटा धरून त्याच्या शेपटीकडची पिसेच कातरते, १९३७ च्या ‘मॉडर्न इन्व्हेन्शन्स’ या लघुपटासाठी स्वीकारला गेला आणि त्यांची नेमणूक कथाविभागात झाली.

१९४२ साली त्यांनी स्टुडिओ सोडला आणि कॅलिफोर्नियातल्या सान हासिंतो येथे कोंबडीपालन सुरू केले. पण त्याच वर्षी जॅक हॅना या सहकाऱ्याबरोबर निम्मी निम्मी पाने वाटून घेऊन त्यांनी काढलेली चौसष्ट पानांची ‘डोनाल्ड डक फाइंड्स पायरेट गोल्ड’ ही चित्रकथा प्रसिद्ध झाली होती, आणि चित्रकथेकडे वळायला तेवढे निमित्त पुरले. डिस्नेच्या पात्रांची मासिके छापण्याचा परवाना वेस्टर्न या प्रकाशनसंस्थेकडे होता. तिने १९४३ मध्ये बार्क्स यांच्याकडे एक तयार संहिता पाठवली आणि गरज वाटल्यास ती सुधारण्याची मुभाही दिली; त्यांनी ती इतकी सुधारली की त्यानंतर गोष्ट आणि चित्र ही दोन्ही कामे त्यांच्याकडेच आली. पानामागे ठरलेला मोबदला मिळे आणि त्यापलीकडे मानधन किंवा स्वामित्वधन काहीही नसे. १९६६ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी सुमारे पाचशे कथा आणि सहा हजारांहून अधिक पाने रचली. ‘वॉल्ट डिस्नेज कॉमिक्स अँड स्टोरीज’ या मासिकाचा खप १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात महिन्याला तीस लाख प्रतींच्या पुढे गेला होता आणि त्याच्या बहुतेक अंकांत बार्क्स यांची दहा पानांची गोष्ट असे, परंतु त्या लक्षावधी प्रतींपैकी एकीवरही त्यांचे नाव नव्हते, कारण प्रत्येक पान वॉल्ट डिस्ने या एकाच नावाने प्रसिद्ध होत होते.

डोनाल्ड डक १९३४ साली पडद्यावर आला तो मुख्यतः त्याच्या न समजणाऱ्या, घशात अडकलेल्या बोलीमुळे आणि चटकन भडकणाऱ्या स्वभावामुळे गाजला. कागदावर आवाज नसतो, त्यामुळे तिथे त्या बोलीचा काही उपयोग नव्हता, आणि ज्यांना स्वतःला ऐकू कमी येत होते अशा बार्क्स यांनी या अस्पष्ट बोलणाऱ्या बदकाला पूर्ण वाक्ये दिली. ती वाक्ये बोलणारा डोनाल्ड म्हणजे नोकरी टिकवण्याची धडपड करणारा, भाच्यांपुढे बढाया मारणारा, हरणारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून कामाला लागणारा एक सामान्य गृहस्थ झाला. त्याच्याभोवती बार्क्स यांनी डकबर्ग नावाचे अख्खे शहर वसवले आणि त्यात माणसे राहायला आणली. डिसेंबर १९४७ मध्ये आला अंकल स्क्रूज, ज्याचे नाव डिकन्सच्या १८४३ सालच्या नाताळकथेतल्या कंजूष सावकारावरून घेतलेले होते. मागोमाग, १९५१ मध्ये, छातीवर कैद्यांचे क्रमांक मिरवणारे बीगल बॉइज आणि १९५२ मध्ये जायरो गियरलूज हा संशोधक आला. स्क्रूजच्या धनकोठारात तीन घन एकर पैसा भरलेला आहे असे या कथांत सांगितले जाते. एकर हे क्षेत्रफळाचे माप असल्यामुळे घन एकर हे मापच अस्तित्वात नाही, आणि मोजण्यापलीकडच्या श्रीमंतीसाठी गणितातच नसलेले माप वापरण्यात लेखकाची भाषेवरची हुकमत दिसते.

बार्क्स यांची रचना किती काटेकोर होती हे १९५४ सालच्या ‘ट्राला ला’ या कथेतून विशेष स्पष्ट होते. पैसे मागणाऱ्यांच्या ससेमिऱ्याने स्क्रूजची प्रकृती ढासळते, पैशाचा उल्लेख झाला तरी त्याला झटका येतो, आणि म्हणून तो डोनाल्ड व भाच्यांना घेऊन हिमालयातल्या अशा एका खोऱ्यात जाऊन राहतो जिथे पैसा ही वस्तूच कोणाला ठाऊक नाही. त्याच्या औषधाच्या बाटलीचे एक पत्र्याचे झाकण तिथल्या एका रहिवाशाच्या हाती लागते. खोऱ्यात तसे दुसरे झाकण नसल्यामुळे ते दुर्मीळ ठरते, दुर्मीळ असल्यामुळे दुसऱ्याला ते हवेसे वाटते, त्याच्या बदल्यात वस्तू देऊ केल्या जातात, आणि काही चौकटींच्या आत त्या निर्लोभ खोऱ्यात चलन, किंमत आणि हाव या तिन्ही गोष्टी जन्माला येतात. हा लोभ शमवावा म्हणून स्क्रूज विमानांतून एक अब्ज झाकणे खाली टाकायला सांगतो. झाकणांचा ढीग पडताच त्यांचे मोल नाहीसे होते आणि वरून सतत कोसळणाऱ्या पत्र्याने शेतेच बुजू लागतात. चलनाचा पुरवठा वस्तूंच्या मानाने भरमसाट वाढला की त्याचे मूल्य घसरते, याला अर्थशास्त्रात चलनवाढ म्हणतात, आणि या सभागृहातल्या अर्थशास्त्राच्या स्नातकांनी ती संकल्पना आलेखांच्या साहाय्याने अभ्यासली आहे. बार्क्स यांनी ती मुलांसाठीच्या एका गोष्टीत, एकही पारिभाषिक शब्द न वापरता, कारण आणि परिणाम यांच्यातला एकही दुवा न सोडता उभी केली. मुलांना सगळे समजत नाही म्हणून गोष्ट कशीही चालते, असे मानणाऱ्या चित्रकथांचा तो काळ होता, आणि बार्क्स यांची खरी थोरवी ही की त्यांनी मुलांना पूर्ण अकलेचे वाचक मानले.

कष्टाची हीच शिस्त चित्रांतही आहे. पेरूच्या डोंगरांची किंवा दूरदेशीच्या भग्नावशेषांची गरज पडली की ते ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाचे जुने अंक धुंडाळत आणि पायऱ्या, दगड, टोप्या, भांडी अभ्यासून काढत. पेन्सिलीच्या रेखाटनावर टाकाने शाई चढवताना हाताच्या दाबानुसार रेघ जाड-बारीक होत जाते, आणि या बदलत्या जाडीतून बदकाच्या पाठीचा बाक, चोचीचा कडेचा भाग, रागाने ताठलेली शेपूट जिवंत होते. १९४९ सालच्या ‘लॉस्ट इन द अँडीज’ मध्ये संग्रहालयातला चौथ्या क्रमांकाचा साहाय्यक झाडूवाला डोनाल्ड चौकोनी दगड पुसताना ती चौकोनी अंडी असल्याचे शोधून काढतो आणि धुक्याने वेढलेल्या ज्या खोऱ्यातल्या कोंबड्या ती घालतात तिथे जाऊन पोहोचतो, जिथली माणसेही ठोकळ्यांसारखी चौकोनी आहेत आणि गोल वस्तू करणे हा गुन्हा आहे. त्या कोंबड्या सपाट भिंतींच्या ठोकळ्यांसारख्या असूनही खऱ्या वाटतात. कोंबडी कशी उभी राहते आणि मान कशी वळवते हे ज्याने खुराड्यात रोज पाहिले होते त्याच्या हातची ती चित्रे आहेत. एवढ्या हालअपेष्टांनंतर परत आणलेल्या जोडीतले दोघेही शेवटी कोंबडेच निघतात.

त्यांच्या कथांमधला दोषही इथे नोंदवायला हवा, कारण प्रेमाने केलेल्या मूल्यमापनाला सत्याचे पथ्य पाळावे लागते. आफ्रिका, आशिया आणि दक्षिण अमेरिकेतल्या माणसांची त्यांची काही चित्रणे त्या काळच्या अमेरिकी समाजातल्या ठोकळेबाज समजुतींनी डागाळलेली आहेत आणि आजचा वाचक ती पाहून अस्वस्थ होतो. दुसरीकडे, ज्या कथांत श्रीमंत पाहुणा दुसऱ्यांच्या खोऱ्यात शिरून तिथली घडी विसकटतो त्या कथांत सहानुभूती बहुतेक वेळा त्या खोऱ्याच्या बाजूनेच असते.

संपादकांची कात्रीही त्यांना सोसावी लागली. स्क्रूजच्या तरुणपणातली एकमेव प्रेमकथा सांगणाऱ्या १९५३ सालच्या ‘बॅक टू द क्लोंडाइक’ मधली काही पाने मुलांना अयोग्य म्हणून काढून टाकली गेली आणि ती पुन्हा छापली जायला कित्येक वर्षे जावी लागली. त्यांच्या बहुतेक मूळ पानांचा तर छपाईनंतर नाशच करण्यात आला. १९५४ साली ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला त्या गारे बार्क्स स्वतः निसर्गचित्रकार होत्या. पुढे चौकटींतली अक्षरे लिहिणे आणि काळे भाग शाईने भरणे हे काम त्याच करत. त्यांचेही नाव त्या पानांवर नव्हते.

तरीही वाचकांनी हात ओळखला. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या गावांत राहणाऱ्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या मुलांच्या लक्षात आले होते की अंकातल्या काही गोष्टी बाकीच्यांहून वेगळ्या आणि सरस आहेत, आणि नाव माहीत नसल्यामुळे ती मुले त्या अज्ञात माणसाला ‘बदके चांगली काढणारा चित्रकार’ म्हणू लागली. १९६० साली अशा एका वाचकाने प्रकाशकांकडून नाव-पत्ता मिळवून बार्क्स यांना पत्र धाडले. सतरा-अठरा वर्षांत वाचकांचे कौतुक त्यांच्यापर्यंत कधीच पोहोचले नव्हते, त्यामुळे ते पत्र म्हणजे कुणा मित्राची थट्टा असावी असे त्यांना आधी वाटले. समीक्षक, पारितोषिके आणि विद्यापीठे या सगळ्यांच्या आधी, केवळ लक्षपूर्वक वाचण्याच्या बळावर, दहा-बारा वर्षांच्या मुलांनी एका कलावंताचा शोध लावला होता, ही घटना साहित्याच्या कोणत्याही अभ्यासकाने मानाने नोंदवावी अशी आहे.

बार्क्स यांना अनुवादातही असेच तोलामोलाचे हात लाभले. जर्मनीत १९५१ पासून डॉ. एरिका फुक्स यांनी या कथा जर्मन भाषेत आणल्या. कलेतिहासात डॉक्टरेट मिळवलेल्या या विदुषीने बदकांच्या तोंडी अभिजात जर्मन काव्याचे पडसाद घातले, स्वतःच्या छोट्या गावातल्या जागांची नावे डकबर्गमध्ये पेरली आणि क्रियापदाचा प्रत्यय गाळून उरलेले मूळ रूप उद्गारासारखे वापरण्याची लकब इतकी रूढ केली की जर्मन भाषेत त्या रूपाला कौतुकाने त्यांचेच नाव चिकटले. भाषांतर हे दुय्यम काम समजणाऱ्या प्रत्येक भाषेने, मराठीनेसुद्धा, या उदाहरणाजवळ थांबून विचार करावा. पुढे १९८७ मध्ये बार्क्स यांच्या स्क्रूजकथांच्या पायावर ‘डकटेल्स’ ही दूरचित्रवाणी मालिका निघाली आणि १९९० च्या दशकात ती हिंदीतून दूरदर्शनवर दाखवली गेली, तेव्हा महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत रविवारच्या सकाळी ती पाहिली जात होती. आज पालक म्हणून इथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या लहानपणात बार्क्स यांचे पैशांत सूर मारणारे बदक त्या वाटेने येऊन गेले आहे.

निवृत्तीनंतर, १९७१ पासून काही वर्षे, बार्क्स यांनी परवानगी घेऊन त्याच बदकांची तैलचित्रे रंगवली आणि त्यांवर प्रथमच स्वतःची सही केली. १९८७ साली आयस्नर पुरस्कारांच्या सन्मानदालनात ज्यांचा पहिल्यांदा समावेश झाला त्यांत ते होते. १९९४ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, आयुष्यात प्रथमच युरोपात गेलेल्या या माणसाला पाहायला गावोगावी लोक जमले, आणि २५ ऑगस्ट २००० रोजी ऑरेगनमधल्या ग्रँट्स पास येथे त्यांचे निधन झाले. १९६० सालच्या त्यांच्या एका कथेत आपली संपत्ती सुरक्षित ठेवता येईल असा खडक शोधत स्क्रूज लघुग्रहांमधून, म्हणजे मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान सूर्याभोवती फिरणाऱ्या लहान खडकाळ गोलांमधून, हिंडतो. त्या कथेची आठवण ठेवणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांच्या आग्रहामुळे २७३० क्रमांकाच्या लघुग्रहाला ‘बार्क्स’ हे नाव देण्यात आले आहे.