पद्मिनीला अल्टरनेटर बसवला, पण फ्यूज कुठाय?

आजचा भाग गाड्यांवर आहे, पण मायलेज आणि टॉप स्पीड बाजूला ठेवू. आज बोलायचंय एका वायरीबद्दल. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाणारी, दीड-दोन मीटरची वायर. बोनेट उघडलं तरी तिच्याकडे कुणी बघत नाही. पण जुन्या गाडीला आग लावायला ती एकटी पुरेशी आहे.

गाडी कोणती? प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर ही गाडी बनायची. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपल्यामुळे रस्त्यावरून गेली. पण आपल्या बीड जिल्ह्यात एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, अजून एखादी फियाट निघतेच. लग्नसराई आली की तिला बाहेर काढायचं, फुलं लावायची आणि नवरदेवाला बसवायचं, ही हौस काही कमी झालेली नाही.

केज तालुक्यात माझ्या मामांकडे अशीच एक आहे. मूळ डायनॅमो काढून मारुतीचा अल्टरनेटर बसवलाय, हॅलोजन लावलेत, मागे अँप्लिफायर आहे. ‘आता बॅटरी उतरत नाही’ म्हणून मामा खूश. मी विचारलं, मामा, चार्जिंगच्या वायरीला फ्यूज कुठाय? ते म्हणाले, ‘अरे, कंपनीनेच दिला नव्हता.’

मामा बरोबरच बोलतायत. जुन्या फियाटमध्ये चार्जिंग, इग्निशन आणि स्टार्टर या सर्किटांना फ्यूजच नसायचा. फ्यूज बॉक्समध्ये ते छोटे चिनीमातीचे फ्यूज असायचे ना, पांढरे आठ अँपियरचे आणि लाल सोळाचे, ते दिवे, हॉर्न, वायपर यांच्यासाठी. पण तेव्हा डायनॅमो होता जेमतेम दोन-अडीचशे वॅटचा, आणि वायरही कोरी करकरीत होती. आज अल्टरनेटर पन्नास-पंचावन्न अँपियरचा आहे, आणि वायर? तीच, मामांच्या लग्नाआधीची. चाळीस उन्हाळे आणि इंजिनची उष्णता खाऊन वरचं आवरण कडक झालंय. वाकवलं की तडकतं.

आता नीट ऐका, कारण इथे बरेच जण गोंधळतात. फ्यूज हा अल्टरनेटरला वाचवायला नसतो, तो वायरीला वाचवायला असतो. तडकलेली वायर बॉडीच्या पत्र्याला टेकली, तर अल्टरनेटर त्याच्या क्षमतेपेक्षा फार जास्त करंट देऊच शकत नाही. बॅटरी मात्र देते, शेकडो अँपियर. तेही गाडी बंद असताना, चावी खिशात असताना. म्हणून फ्यूज लावायचा तो बॅटरीच्या प्लसच्या जवळ, जमेल तेवढा जवळ. अल्टरनेटरच्या टोकाला लावला, तर मधली सगळी वायर उघडीच राहिली.

थोडं गणित करू, घाबरू नका. दोन मीटर तांब्याची वायर, चार स्क्वेअर एमएमची. तिच्यातून पन्नास अँपियर नेले, तर जवळपास ०.४३ व्होल्ट वाटेतच जातात. म्हणजे अल्टरनेटर १४.२ देतोय आणि बॅटरीला मिळतात १३.८ च्या खाली. बॅटरी कायम अर्धपोटी. वर सुमारे वीस वॅट उष्णता त्या वायरीतच. तीच वायर सोळा स्क्वेअर एमएमची घेतली, तर नुकसान ०.११ व्होल्टवर येतं.

फ्यूज किती अँपियरचा? अल्टरनेटरच्या कमाल करंटपेक्षा जास्त आणि वायरीच्या क्षमतेपेक्षा कमी. पंचावन्नचा अल्टरनेटर आणि चांगली सोळाची वायर असेल, तर सत्तर किंवा ऐंशीचा. नेहमीचा छोटा पात्याचा फ्यूज इथे चालत नाही, बोल्टने आवळायचा मोठा घ्या. ‘मिडी’ किंवा ‘एएनएल’ नावाने मिळतो. आणि कंजुषी करून पन्नासचा लावू नका. इंजिन चालू असताना फ्यूज उडाला, की अल्टरनेटर बॅटरीपासून अचानक तुटतो, व्होल्टेज उसळतं आणि त्याचेच डायोड जाऊ शकतात.

अजून तीन गोष्टी. एक, डायनॅमोचा जुना रेग्युलेटर बॉक्स नव्या करंटच्या वाटेत ठेवू नका, वायर थेट न्या. डॅशबोर्डवरचा लाल चार्जिंगचा दिवा मात्र काढू नका, बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच दिव्यातून मिळतो. दोन, अर्थिंग. जितका करंट जातो तितकाच परत येतो, तेव्हा इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी, ही पट्टीही जाडच हवी. तीन, काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा आणि शेवटी जोडायचा.

तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो. इंजिन चालू, हेडलाइट चालू. एक टोक अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टला, दुसरं बॅटरीच्या प्लसला. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर वायर किंवा जोड कमजोर आहे असं समजा. फक्त गळ्यातला गमछा आधी काढून ठेवा, पट्टा आणि पंखा फिरत असतो.

आपल्याकडे फ्यूज उडाला की घरच्या कटआउटमध्ये टाकतो तशी जाड तार गुंडाळतात, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावतात. गाडी चालू होते, वरात पुढे जाते. पण बिघडलं काय ते तसंच आत राहतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला एरर लपवणं म्हणतो. फरक एवढाच, की आमचं सर्व्हर पडतं. इथे मागच्या सीटवर माणसं बसलेली असतात, आणि सीटखालून पेट्रोलची नळी गेलेली असते.

मामांच्या गाडीचं सामान आणलंय: वायर, तांब्याचे लग, फ्यूज आणि त्याचा होल्डर. हजार-दोन हजारांचा मामला. त्यांचे नेहमीचे मिस्त्रीच ते बसवणार आहेत, कारण लग दाबण्यात त्यांचा हात माझ्यापेक्षा पक्का आहे. मामांना फक्त एकच अट घातलीय: फ्यूज बसेपर्यंत वरात नाही.

तुमच्या घरी अशी जुनी गाडी असेल, तर या रविवारी बोनेट उघडा आणि ती एक वायर शोधा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!