पहिलीचा पट आधी पाहा

प्रवेशाच्या दिवसांत आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात एक कुजबुज हमखास कानावर येते : ‘चर्चची ती छोटी शाळा बंद होणार म्हणे.’ एवढ्यावर चार पालक दाखले काढतात आणि कुजबुज खरी ठरायला तिथूनच सुरुवात होते. शाळा खरोखर धोक्यात आहे का, हे पारखायचं कसं, यावर मला आज बोलायचं आहे.

पालक विचारतात, शाळेत एकूण मुलं किती? हा आकडा फसवा आहे. उदाहरणादाखल एक शाळा धरा. दहावीत 52, नववीत 48, आठवीत 45, मग 41, 37, 33, 28, 24, 20 आणि पहिलीत 17. बेरीज 345. प्रार्थनेला मैदान भरलेलं दिसतं, दहावीचा निकालही उत्तम लागतो. पण पहिलीत दरवर्षी 17च मुलं आली आणि मधून एकही गेलं नाही, तरी पाच वर्षांत पट 207वर येतो. म्हणून पहिलीचा आणि बालवर्गाचा गेल्या पाच वर्षांचा पट मागा.

तो पट गावाशी ताडून पाहा. 2001 ते 2011 या दहा वर्षांत उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे 4 लाख 74 हजारांवरून 5 लाख 6 हजारांवर गेली. अंबरनाथची 2 लाख 4 हजारांवरून 2 लाख 53 हजारांवर. बदलापूर मात्र 98 हजारांवरून थेट 1 लाख 74 हजारांवर पोचलं. निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरच्या दाट वस्तीत पहिलीची मुलं थोडी घटली, तर त्याची कारणं वस्तीतही असू शकतात. बदलापुरात दर वर्षी नव्या इमारती उठत असताना एखाद्या शाळेची पहिली ओस पडत असेल, तर पालक त्या शाळेच्या दारावरून पुढे जात आहेत, असाच त्याचा अर्थ होतो. माझ्या मते हे लक्षण जास्त गंभीर आहे.

मुलं येतात किती याबरोबर ती जातात केव्हा, हेही पाहायला हवं. त्यासाठी शाळेत जनरल रजिस्टर नावाचं एक जाडजूड पुस्तक असतं. प्रत्येक मुलाची एक ओळ : नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण. कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढंच लिहिलेलं सापडतं. त्यातून काही कळत नाही. मुख्याध्यापकांनी शेजारचे रकाने वाचावेत. दहावी होऊन गेलेलं मूल हा तोटा नव्हे. चौथी संपताच एकगठ्ठा मुलं जात असतील, तर पालकांचा पुढच्या वर्गांवर भरवसा उरलेला नाही. नोव्हेंबरात, भर वर्षात दाखले जात असतील, तर शाळेत काहीतरी बिनसलं आहे.

आणखी एक गैरसमज. धर्मग्रामातली, म्हणजे पॅरिशमधली, ख्रिस्ती घरं कमी झाली की शाळा संपली, असं पुष्कळांना वाटतं. आपल्याकडे मुंबई महाधर्मप्रांताची चर्चेस आहेत, 1988 साली स्थापन झालेल्या कल्याणच्या सीरो-मलबार धर्मप्रांताचीही आहेत. कारखान्यांच्या आणि लोकलच्या आधाराने आलेल्या गोवेकर, मंगळुरी, मल्याळी कुटुंबांनी ती वाढवली. पण अशा शाळांच्या वर्गांत ख्रिस्ती मुलं सहसा थोडीच असतात. शाळा चालते ती सिंधी, मराठी, हिंदी भाषक शेजाऱ्यांच्या विश्वासावर. अंबरनाथच्या फातिमा हायस्कूलचं नाव ख्रिस्ती नसलेल्या घरांतही घेतलं जातं, ते याच विश्वासामुळे.

आता पैशाकडे वळू. शाळा अनुदानित असेल तर 30 सप्टेंबरची पटसंख्या आणि तिच्यावर होणारी संच मान्यता यांवर शिक्षकांची पदं ठरतात. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. निवृत्तांच्या जागा भरल्या जात नाहीत, गणित-विज्ञानाचे तास तासिका तत्त्वावर ढकलले जातात, आणि तेच पाहून आणखी मुलं जातात. विनाअनुदानित शाळेत सगळा भार फीवर. तिथे पगार वेळेवर होतात का आणि बाई वर्षाकाठी बदलतात का, हे पाहावं. संविधानाचं कलम 30 अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क देतं, विद्यार्थी देत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा शिक्षण हक्क कायद्यातून वगळल्या गेल्या. त्यामुळे 25 टक्के राखीव जागांची मुलं आणि त्यांच्या फीचा सरकारी परतावा, दोन्ही या शाळांकडे येत नाहीत.

फादरांची बदली झाली किंवा सिस्टर परत गेल्या, म्हणून शाळा लगेच बुडत नाही. सिस्टरांच्या जागी मुख्याध्यापक कोण, याचं उत्तर वर्षभर मिळालं नाही, तर मात्र काळजी करावी.

पहिली रोडावलेली, चौथीनंतर गळती, रिकामी पदं : यांतली एक गोष्ट दिसली तर शाळा आजारी आहे, तिन्ही एकत्र दिसल्या तर ती धोक्यात आहे. माझं मत विचाराल, तर तेव्हाही दोन-तीन वर्षं हातात असतात.

पालकांनो, ती वर्षं वाया घालवू नका. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीला जा, पहिलीचा पट विचारा, हिशेब विचारा. फादर आणि सिस्टरांना माझी विनंती आहे, हे आकडे लपवू नका, पालकांपुढे ठेवा. आणि माजी विद्यार्थ्यांनो, निरोपसमारंभाला गर्दी करण्यापेक्षा येत्या जूनआधी आपल्या चाळीतल्या, सोसायटीतल्या दोन घरांना त्या शाळेच्या पहिलीपर्यंत घेऊन जा.