पाडण्यापूर्वी थोडा विचार



घराच्या नूतनीकरणाचा विचार बहुधा टाइल्सच्या दुकानात सुरू होतो. माझ्या मते तो जुन्या भिंतीपाशी सुरू व्हावा. त्या भिंतीतील वीट भाजण्यासाठी लागलेले इंधन केव्हाच जळून गेले आहे. ती राडारोड्यात गेली, की नव्या विटेसाठी पुन्हा भट्टी पेटवावी लागते. चुन्यात बांधलेल्या विटा बहुधा अखंड सुटतात, सिमेंटमधील फुटतात. वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरममधील स्वतःच्या घरात पाडलेल्या इमारतींचे साहित्य वापरले. नवी भिंत अपरिहार्यच असेल, तर त्यांनी केरळात रूढ केलेली, आत पोकळी ठेवणारी 'रॅट ट्रॅप' रचना सुमारे २५ टक्के विटा वाचवते आणि उष्णताही अडवते.

जुने जपण्याला एक अपवाद आहे, तो रंगाचा. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासला, तर शिशाची धूळ घरभर पसरू शकते आणि ती मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक ठरते. म्हणून असा रंग सुस्थितीत असल्यास त्यावरच नवा हात द्यावा. पोपडे सुटत असतील, तर ते ओले करून खरवडावेत आणि काम संपेपर्यंत मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.