काम करणाऱ्याच्या शेजारी बसून



 या परिषदेला जमलेले आपण सगळे कामाच्या ठिकाणचं सॉफ्टवेअर आखणारे, बनवणारे, बसवणारे लोक आहोत. बँकेतला कारकून, इस्पितळातली परिचारिका, गोदामातला भांडारपाल, अंगणवाडी सेविका यांचा दिवस आपण मांडलेल्या पडद्यांसमोर जातो. आपल्या मोबाइलवरचं अ‍ॅप आवडलं नाही तर आपण ते काढून टाकतो. या माणसांना ती मुभा नाही. त्यांचं सॉफ्टवेअर खरेदी समिती ठरवते, आयटी विभाग बसवतो आणि त्यांच्या वाट्याला येतं ते घाईघाईचं प्रशिक्षण. मत कुणी विचारलेलंच नसतं. आणि काही बिघडलं की चौकशी मात्र त्यांचीच होते.

याचं एक मोठं उदाहरण आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाने बारकाईने वाचायला हवं. 11 ऑगस्ट 2020 रोजी सिटीबँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या धनकोंना व्याजापोटी सुमारे 78 लाख डॉलर पाठवायचे होते. प्रत्यक्षात बँकेच्या स्वतःच्या पैशातून जवळजवळ 90 कोटी डॉलर बाहेर गेले. बँक वापरत होती ती प्रणाली फ्लेक्सक्यूब. ती मूळची आपल्या मुंबईच्या आय-फ्लेक्स कंपनीत घडलेली, पुढे ओरॅकलकडे गेलेली. काय घडलं ते न्यायालयाच्या निकालपत्रात सविस्तर आलं आहे. मुद्दल बाहेर न जाऊ देता बँकेच्या अंतर्गत खात्यात वळवायचं, तर पडद्यावरच्या तीन चौकटी भराव्या लागत: ‘प्रिन्सिपल’, ‘फ्रंट’ आणि ‘फंड’. नोंद करणाऱ्याने फक्त ‘प्रिन्सिपल’ भरली. मुद्दल अडवायचं आहे, म्हणजे मुद्दलाची चौकट भरायची, हा त्याचा समज अगदी स्वाभाविक होता. दुसऱ्याने ती नोंद तपासली, तिसऱ्याने मंजूर केली, आणि त्या दोघांचाही समज तोच होता. पैसे बँकेबाहेर जाणार आहेत, पुढे जायचं का, असं प्रणालीने शेवटी विचारलंही. पण किती पैसे, ते त्या सूचनेत नव्हतं. व्याज तर बाहेर जायचंच होतं, म्हणून सूचना त्यांना रास्तच वाटली.

सुमारे 50 कोटी डॉलर परत द्यायला धनकोंनी नकार दिला. फेब्रुवारी 2021 मध्ये निकाल बँकेच्या विरोधात गेला, आणि सप्टेंबर 2022 मध्ये अपिलात तो फिरला. तो कायद्याचा भाग झाला. आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की कामात मुरलेल्या तीन माणसांनी एक पडदा एकाच चुकीच्या पद्धतीने वाचला. त्यांना निष्काळजी म्हणून बाजूला सारणं मला मान्य नाही. हा पडदा वापरात येण्याआधी हेच काम करणाऱ्या चार-पाच जणांपुढे लटकी नोंद ठेवून “आता हे पैसे कुठे जातील, सांगा” एवढं विचारलं असतं, तरी दोष उघड्यावर आला असता.

आता आपल्या दाराशी येऊ. मार्च 2021 मध्ये केंद्र सरकारने पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आणलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. फोन जुने, मेमरी तोकडी, अ‍ॅप उघडलं की फोन अडकून बसतो, आणि माहिती भरायची ती इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. मराठीची मागणी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. सेविकेला मराठीतून काम करता यावं यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, याची आपल्या व्यवसायाने खंत बाळगली पाहिजे. पुढे अ‍ॅपमध्ये मराठी आली. पण नुसती भाषा बदलून भागत नाही. वजनाच्या दिवशी अंगणवाडीत जाऊन बसा. मूल काट्यावर बसायला तयार नसतं, रडतं, पाय झाडतं. एका हाताने त्याला सावरायचं, दुसऱ्या हाताने काटा धरायचा, तेवढ्यात मदतनीस ताई आकडा मोठ्याने वाचतात. फोन हातात घ्यायला तिसरा हात कुठून आणायचा? म्हणून आकडा आधी वहीत जातो आणि फोनमध्ये नंतर, सवडीने. अ‍ॅप आखणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की मोजणं आणि नोंदवणं एकाच क्षणी होतं. ते तसं होत नाही, हे तिथे गेल्याशिवाय दिसत नाही.

जाऊन बसणं ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्या कचेऱ्यांत ते फार अवघड आहे. तुम्ही बँकेच्या शाखेत जाता, व्यवस्थापक तुम्हाला काउंटरवर घेऊन जातात आणि मागेच उभे राहतात. तुम्ही विचारता, “काही अडचण?” उत्तर ठरलेलं असतं: “नाही साहेब, सगळं छान आहे.” तपासणीला आलेल्या माणसाला आणखी काय सांगणार? उद्या मेमो आपल्याच हातात पडेल, ही भीती खरी असते आणि अनुभवातून आलेली असते. म्हणून आधी साहेबांना विनंती करून आत बसवायचं. नाव लिहून घ्यायचं नाही, आणि तो शब्द अहवालापर्यंत पाळायचा. कर्मचाऱ्याने काम भागवायला शोधलेली आडवळणाची युक्ती वरिष्ठांच्या कानावर घालून कुणाला अडचणीत आणणाऱ्याने या कामात पडूच नये. मुलाखतीसाठी मार्चअखेर टाळायची. काम पाहायचं असेल, तर मात्र नेमकं मार्चअखेरीसच जायचं.

आणि मत विचारण्याआधी काम पाहायचं. “शेवटची नोंद केलीत ना, तशीच पुन्हा करून दाखवता का?” या प्रश्नाने जेवढं हाती लागतं, तेवढं लांबलचक प्रश्नावलीने लागत नाही. एका शाखेत मी काउंटरवरच्या ताईंच्या शेजारी बसलो होतो. टेबलाच्या काचेखाली मेनूच्या कोडांचा हाताने लिहिलेला कागद होता, कडा पिवळ्या पडलेल्या, दोन कोड लाल शाईने बदललेले. समोर ग्राहक आला की ताई एका पडद्यावर खाते क्रमांक शोधत, जुन्या पे-इन स्लिपच्या कोऱ्या पाठीवर तो उतरवत, पडदा बंद करत, दुसरा उघडत आणि क्रमांक पुन्हा टाइप करत. प्रत्येक ग्राहकाला हेच. असं का, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “असंच करायचं असतं.” त्यांना ती अडचण वाटतच नव्हती. मग कुठल्याही फॉर्मवर त्यांनी ती लिहिली असती का? असे कागद, चिठ्ठ्या, बाजूच्या खासगी वह्या जपून पाहा. प्रणालीत काय कमी आहे, ते तिथे अक्षरशः लिहून ठेवलेलं असतं.

एवढा वेळ कुणाकडे आहे, असं विचारलं जातं. हा वेळ दिल्याने काय हाती लागतं, ते एका उदाहरणातून पाहा. न्यूयॉर्कच्या नायनेक्स टेलिफोन कंपनीत ऑपरेटरांसाठी नवीन यंत्रं घ्यायची होती. नवी यंत्रं कामाला वेगवान, अशीच सगळ्यांची खात्री. वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकल अ‍ॅटवुड यांनी ऑपरेटरांच्या कामाची हालचालीगणिक मांडणी केली आणि प्रत्यक्ष चाचणीशी ती ताडून पाहिली. 1993 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: नवं यंत्र हळू निघालं. कळा दाबायच्या वाचल्या होत्या त्या ग्राहक बोलत असताना, म्हणजे तसाही मोकळा वेळ असताना, आणि वाढलेली कळ नेमकी कॉल अडवणाऱ्या ठिकाणी होती. खरेदीच्या टेबलावर बसून हे कुणाला कळणार?

त्याच्याही आधी, 1981 ते 1985 या काळात, स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या ‘युटोपिया’ प्रकल्पात छपाई कामगारांची संघटना संशोधकांच्या बरोबरीने बसली होती. वृत्तपत्राची पानं संगणकावर लावायची यंत्रणा कशी असावी, हे कामगारांनी पुठ्ठ्याच्या खोक्यांचे खोटे संगणक मांडून, त्यांवर काम करून ठरवलं. पुठ्ठा आपल्याकडेही मिळतो. लागते ती कामगाराला बरोबरीने बसवण्याची तयारी.

चाचणीला पाच माणसं पुरतात, हे नील्सन आणि लँडाउअर यांच्या 1993 च्या अभ्यासापासून आपण ऐकत आलो आहोत. पण ती पाच एकाच प्रकारची असतील तरच हा हिशेब बसतो. पुण्यातली सेविका आणि दुर्गम भामरागडची सेविका यांना एका पाचात कोंबू नका.

या परिषदेने शासनाकडे आणि सहकारी बँकांकडे एक मागणी करावी, असं मी सुचवतो. सर्वांत कमी दराची निविदा उघडण्याआधी, ज्यांना हे सॉफ्टवेअर वापरायचं आहे त्या कर्मचाऱ्यांनी रोजची दहा कामं कुणाच्याही मदतीविना त्यावर करून पाहावीत. लागलेला वेळ आणि झालेल्या चुका नोंदवाव्यात, आणि त्यात जे उतरेल त्याचीच किंमत पुढे पाहावी. ही चाचणी ड्यूटीच्या वेळेत व्हावी आणि सेविकांना त्या दिवसाचं मानधन व प्रवासखर्च मिळावा. ठरावाचा मसुदा तयार आहे. दुपारच्या सत्रात तो चर्चेला येईल. त्यात ‘कुणाच्याही मदतीविना’ हे शब्द कुणी काढू पाहिले, तर कृपया विरोध करा.