संशोधनाची उमेदवारी



कारखान्याच्या दारात सभा घेणाऱ्या माणसाने विज्ञानाच्या उच्च शिक्षणावर काय बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात पुष्कळ झाले. पण ज्या कामगारांत मी आयुष्य काढले, त्यांची मुले आता बी. एस्सी.पर्यंत पोहोचली आहेत आणि त्यांतील काहींना पीएच. डी. करावयाची आहे. त्यांची वाट कोठे अडते, एवढेच मी सांगणार आहे.

पीएच. डी. म्हणजे एम. एस्सी.हून मोठी परीक्षा, असा आपल्याकडे समज आहे. ती परीक्षा नव्हे. तो एक धंदा आहे, आणि कोणताही धंदा उस्तादाच्या शेजारी उभे राहून, हाताने शिकावा लागतो. आमच्या मुलांचे प्रॅक्टिकल पाहा. लंबकाचा प्रयोग असतो. उत्तर ९८०च्या आसपास यावयाचे, हे आधीच ठाऊक असते. मग मुले उत्तराकडून मागे येत रीडिंगे बसवतात, जर्नल सुबक होते, गुणही मिळतात. आता टर्नरकडे पाहा. ड्रॉइंगवर पंचवीस मिलिमीटर लिहिलेले असते, आणि शेजारी किती कमीजास्त चालेल तेही लिहिलेले असते. त्या मर्यादेवाचून नुसते ‘पंचवीस’ म्हणणाऱ्याला लेथवर कोणी उभे करणार नाही. पदवीधराला मात्र आपल्या उत्तरात चूक किती असू शकेल हे न सांगता पदवी मिळते!

ज्याचे उत्तर पुस्तकात नाही असा प्रश्न हाती घेणे, उपकरण रुसले की ते का रुसले याचा छडा लावणे, फसलेला प्रयोगही वहीत जसाच्या तसा ठेवणे, दुसऱ्याच्या निबंधातली कच्ची जागा हेरणे, या गोष्टी फळ्यावर शिकवता येत नाहीत. त्या पदवीच्या वर्षांतच अंगवळणी पडल्या, तर पीएच. डी.ची पहिली दोन वर्षे चाचपडण्यात जात नाहीत. आणि हे काम आपल्याला मानवणारे नाही असे एखाद्याला कळले, तर तेही वेळेवर कळते.

मायकेल फॅरेडे हा पुस्तकबांधणी शिकलेला मुलगा. हंफ्री डेव्हीची व्याख्याने त्याने ऐकली, टिपणे काढली, ती बांधून डेव्हीला पाठवली, आणि १८१३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो सहायक म्हणून लागला. ही गोष्ट आपण मुलांना जिद्दीचा धडा म्हणून सांगतो. त्याला आठवड्याचा पगार, राहावयास खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या मिळत होत्या, हे सांगावयाचे मात्र विसरतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ साली पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात घेण्याची योजना सुरू केली. तेथेही विद्यार्थी त्या कामाचे श्रेयांक घेऊ शकतो किंवा वेतन घेऊ शकतो.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे मी म्हणणार नाही. १९९९ साली केंद्र सरकारने किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना काढली. २०२२ साली ती ‘इन्स्पायर’ योजनेत मिसळली. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्त्या आहेत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उन्हाळी उपक्रम आहे. पण या दारांतून निवडक मुलेच आत जातात. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच. डी.ला जाण्याची मुभा दिली; अट ७५ टक्के गुणांची, राखीव प्रवर्गांना पाच टक्के सवलत. चौथ्या वर्षी संशोधन-प्रकल्पही ठेवला. म्हणजे जे शिक्षण पूर्वी थोड्यांची हौस होते, ते आता वाटेचा भाग झाले.

आणि येथेच गाडे अडते. उन्हाळी प्रकल्प मे-जूनमध्ये असतात. त्याच महिन्यांत कामगाराचा मुलगा दुकानात उभा राहून किंवा घरोघरी सामान पोहोचवून पुढल्या वर्षाची फी जमवतो. ज्याच्या घरी दोन महिन्यांची कमाई सोडता येते, त्याच्या अर्जात ‘संशोधनाचा अनुभव’ लिहिला जातो. दुसऱ्याच्या अर्जात ती ओळ कोरी राहते, आणि निवड करणारे म्हणतात, याला आवड दिसत नाही.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१चा आहे. फिटर शिकणाऱ्या पोराला शिकण्याच्या काळात विद्यावेतन दिलेच पाहिजे, हे त्या कायद्याने मान्य केले. १९७३ साली पदवीधर अभियंत्यांनाही त्यात घेतले. मग प्रयोगशाळेत शिकणाऱ्याच्या बाबतीत तोच न्याय का नसावा? पैशाने ज्ञानाची ओढ बाटते, असे कोणी म्हणेल. पीएच. डी. करणाऱ्या कनिष्ठ संशोधकाची वृत्ती २०२३ साली महिना ३१,००० वरून ३७,००० रुपये झाली. त्याने त्यांची ओढ कमी झाल्याचे मी ऐकले नाही. ती वाढही मागण्यांवाचून, मोर्च्यांवाचून पदरात पडत नाही, हे २०१८-१९ साली रस्त्यावर आलेल्या संशोधक विद्यार्थ्यांना विचारा.

दुसरी गोष्ट शिकवणाऱ्याची. आमच्या महाविद्यालयांत कितीतरी शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत. त्यांचे पैसे घेतलेल्या तासांवर ठरतात. दुपारभर मुलाशेजारी बसून उपकरण का चालत नाही हे शोधणे, हा तास कोणत्या रजिस्टरात भरावयाचा? तो भरण्याची सोय होत नाही तोवर चौथ्या वर्षाचा प्रकल्प जुन्या जर्नलासारखाच उतरवला जाईल. म्हणून मुलाचे विद्यावेतन आणि शिक्षकाचा तास, या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात घालाव्यात, असे माझे विद्यार्थी संघटनांना आणि प्राध्यापकांच्या संघटनांनाही सांगणे आहे. निवेदन लिहिण्याच्या कामी आम्ही बसू. त्याची आम्हांला सवय आहे.